स्नायू झिजतात तेव्हा औषधाने नेम कुठे धरायचा?

मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे आनुवंशिक स्नायुक्षय, हे नाव डॉक्टरांच्या तोंडून प्रथम ऐकल्यावर आईवडील एकच प्रश्न विचारतात: यावर औषध आहे का? पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी या प्रश्नाचे उत्तर 'नाही' या एका शब्दात देता येत असे. आज ते तसे देता येत नाही, आणि 'आहे' असेही सरळ म्हणता येत नाही. खरे उत्तर लांबलचक आहे आणि त्याची सुरुवात एका उलट प्रश्नाने होते: तुमच्या मुलाच्या जनुकात नेमका कोणता बदल झाला आहे? अलीकडे आलेली बरीचशी औषधे आजाराच्या नावावर चालत नाहीत. आजाराच्या साखळीतली एखादी ठराविक कडी हे त्यांचे लक्ष्य असते. ती कडी आपल्या रुग्णात असेल तरच उपयोग, नसेल तर कितीही पैसे मोजून उपयोग नाही.

आखातात राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांनी हा विषय थोडा समजून घेणे दोन कारणांसाठी गरजेचे वाटते. पहिले कारण असे की आपले उपचार दोन देशांत विभागलेले असतात. एक तपासणी दुबईत, दुसरी सुट्टीत पुण्या-मुंबईला, कागद निम्मे इथे आणि निम्मे तिथे. दुसरे कारण जरा कडू आहे. आखातात नोकरी म्हणजे हाताशी पैसा, असा सर्वसाधारण समज असल्याने खात्रीचा उपाय विकणारे लोक आपल्यापर्यंत लवकर पोचतात. अशा वेळी कोणता दावा ऐकून घ्यायचा आणि कोणाला नमस्कार करून बाहेर पडायचे, हे ठरवण्यापुरते ज्ञान घरात असलेले बरे.

आजाराची ओळख

स्नायुक्षय हा एकच आजार नाही, ते एक मोठे कुटुंब आहे. त्यातला सर्वात परिचित आणि बहुधा सर्वात क्रूर प्रकार म्हणजे ड्यूशेन. जन्मणाऱ्या सुमारे पाच हजार मुलग्यांमागे एकाला तो होतो. लंडनच्या एडवर्ड मेरियन या डॉक्टरांनी १८५१ साली याचे वर्णन केले होते आणि स्नायुतंतूचे आवरणच फाटलेले दिसते, असे नोंदवून ठेवले होते. पण नाव मिळाले ते १८६८ साली सविस्तर वर्णन करणाऱ्या फ्रेंच डॉक्टर ग्योम ड्यूशेन यांचे. मेरियन यांचे निरीक्षण किती अचूक होते ते कळायला पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे जावी लागली.

मूल चालायला थोडे उशिरा लागते, वारंवार पडते, धावताना मागे राहते. पोटऱ्या मात्र चांगल्या भरलेल्या दिसतात, म्हणून घरच्यांना शंका येत नाही. जमिनीवरून उठताना ते आधी ओणवे होते आणि मग गुडघ्यांवर, मांड्यांवर हात टेकत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखे उभे राहते. या खुणेला ती १८७९ साली सांगणाऱ्या गावर्स यांचे नाव आहे. लिफ्टच्या इमारतीत राहणाऱ्या मुलाची जिन्यावरची अडचण उशिरा लक्षात येऊ शकते. पुष्कळदा ती सुट्टीत गावी गेल्यावर आजी-आजोबांच्याच नजरेला येते, आणि त्यांचे निरीक्षण 'काही नाही, आळशी आहे' म्हणून उडवून लावू नये.

इथे एक व्यवहारातली गोष्ट सांगतो. या मुलांच्या रक्तात एसजीपीटी आणि एसजीओटी वाढलेले आढळतात. ही दोन्ही विकरे यकृतात जशी असतात तशी स्नायूंतही असतात. त्यामुळे काही मुले महिनोन्‌महिने यकृताचा आजार समजून फिरवली जातात. अशा वेळी सीपीके नावाची साधी रक्ततपासणी करून घ्यावी. ड्यूशेनमध्ये ती नेहमीच्या कित्येक पटींनी, कधी शंभर पटींपर्यंत वाढलेली असते.

उपचार न केल्यास साधारण बाराव्या वर्षाच्या आत चाकाची खुर्ची येते. पुढे श्वासाचे स्नायू आणि हृदय दुबळे होत जातात. एके काळी ही मुले विशीच्या आसपास जात. आज चांगली देखभाल आणि श्वासाला यंत्राची मदत मिळाली तर तिशी गाठणारे आणि त्यापुढे जाणारे रुग्णही आहेत. यात नव्या महागड्या औषधांपेक्षा साध्या देखभालीचा वाटा अधिक आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

दोरखंड कुठे तुटला?

अमेरिकेत बोस्टन येथे लुई कुंकेल यांच्या गटाने १९८६ साली या आजाराचे जनुक शोधून काढले. पुढच्याच वर्षी त्या जनुकापासून बनणारे प्रथिन सापडले आणि त्याला डिस्ट्रॉफिन हे नाव मिळाले. स्नायूतल्या एकूण प्रथिनांच्या एक लाख भागांत डिस्ट्रॉफिन अवघे दोन भाग असते. एवढ्याशा पदार्थाच्या अभावाने सगळा स्नायू कोसळतो.

त्याचे काम समजण्यासाठी दुबईच्या खाडीवर धक्क्याला बांधलेली लाकडी गलबते डोळ्यांपुढे आणावीत. गलबत जाड दोरखंडाने बांधलेले असते. लाट आली की दोरखंड थोडा ताणतो, धक्का सोसतो आणि गलबत जागेवर राहते. दोरखंड नसेल तर प्रत्येक लाटेसरशी गलबत धक्क्यावर आपटेल आणि फळ्या फुटतील. डिस्ट्रॉफिन हा असाच एक लांब, लवचिक दोरखंड आहे. त्याचे एक टोक स्नायुपेशीच्या आतल्या सांगाड्याला आणि दुसरे पेशीच्या आवरणातल्या प्रथिनांच्या गटाला बांधलेले असते. तो गट पुढे पेशीबाहेरच्या जाळ्याला धरून असतो. स्नायू आकुंचन पावतो ती लाट समजा. दोरखंड नसल्यामुळे प्रत्येक हालचालीत आवरणाला बारीक चिरा पडतात.

यापुढची साखळी अशी. चिरांतून बाहेरचे कॅल्शियम आत शिरते आणि आतली विकरे पेशीलाच खाऊ लागतात. पेशी मरते. मेलेली पेशी उचलायला शरीराची संरक्षक फौज येते आणि दाह सुरू होतो. शेजारच्या राखीव पेशी दुरुस्तीला लागतात, पण हे रोजच घडत राहिल्याने त्यांची क्षमता संपत जाते. शेवटी स्नायूच्या जागी चिवट तंतू आणि चरबी साठते. पोटऱ्या भरलेल्या दिसतात त्यात हीच चरबी आणि हेच तंतू असतात.

म्हणजे जनुकातला लेख, दोरखंड, आवरणाच्या चिरा, दाह, थकलेली दुरुस्ती, आणि शेवटी हृदय व श्वास अशा कड्या झाल्या. संशोधकांनी यांतल्या प्रत्येक कडीवर नेम धरून पाहिला आहे. वरच्या कडीवर नेम लागला तर फायदा मोठा, पण तिथे पोचणे अवघड. खालच्या कडीवर पोचणे सोपे, पण मूळ कारण तसेच राहते.

लेखातली चूक

जनुक म्हणजे अक्षरांचा लेख. डिस्ट्रॉफिनचे जनुक माणसातल्या सर्वात लांब जनुकांपैकी एक आहे. त्यात सुमारे बावीस लाख अक्षरे आहेत, आणि प्रथिनाची कृती सांगणारा मजकूर ७९ तुकड्यांत विखुरलेला आहे. या तुकड्यांना एक्सॉन म्हणतात. पेशी हा मजकूर तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत वाचते आणि हे तीनचे गणित सगळ्यात महत्त्वाचे आहे.

तीन-तीन अक्षरांचे एक मराठी वाक्य घेऊ: सकाळी आईने भाकरी भाजली. आता 'आईने' मधला 'ई' गळाला, पण वाचणारा हट्टाने तीन-तीन अक्षरेच वाचतो आहे, असे समजा. तो वाचेल: सकाळी आनेभा करीभा जली. चूक एका अक्षराची, पण तिथून पुढचे सारे वाक्य निरर्थक. पेशीला असे निरर्थक वाक्य मिळाले की लवकरच कुठेतरी अवेळी पूर्णविराम येतो आणि डिस्ट्रॉफिन तयारच होत नाही. हा झाला ड्यूशेन.

आता 'आईने' हा अख्खा शब्दच गळाला असे समजा. उरते: सकाळी भाकरी भाजली. कोणी भाजली ते कळत नाही, पण अर्थ लागतो. पेशीलाही असे आखूड पण अर्थपूर्ण वाक्य मिळाले तर आखूड पण कामापुरते डिस्ट्रॉफिन बनते. हा झाला बेकर प्रकारचा स्नायुक्षय, ड्यूशेनचा सौम्य भाऊ. त्यातले पुष्कळ रुग्ण मोठेपणीही चालते-फिरते असतात. गंमत अशी की गळालेला भाग मोठा की छोटा यापेक्षा तीनचे गणित टिकले की मोडले यावर सारे ठरते.

यातूनच एक सुंदर कल्पना निघाली. 'ई' गळालेला परत आणता येत नाही, पण उरलेले 'आ' आणि 'ने' झाकून टाकले तर? वाक्य पुन्हा 'सकाळी भाकरी भाजली' असे वाचता येईल. म्हणजे ड्यूशेनचे रूपांतर बेकरमध्ये करायचे. यालाच एक्सॉन गाळण्याचा उपचार म्हणतात. जनुकाच्या लेखाची जी नक्कल पेशी काढते, तिच्यावर ठराविक ठिकाणी बसणारा एक छोटा कृत्रिम धागा रक्तातून दिला जातो. तो शेजारचा एक्सॉन झाकतो आणि तीनचे गणित जुळते.

अमेरिकेत या पद्धतीच्या इटेप्लिरसेन या औषधाला सप्टेंबर २०१६ मध्ये मान्यता मिळाली. ते ५१ क्रमांकाचा एक्सॉन गाळते. पुढे ५३ साठी दोन आणि ४५ साठी एक औषध आले. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. एक, ५१ गाळून फायदा होण्यासारखा बदल ड्यूशेनच्या साधारण १३ टक्केच मुलांत असतो. उरलेल्यांना हे औषध म्हणजे दुसऱ्याच्या कुलपाची किल्ली. दोन, मान्यतेच्या वेळी दाखवलेली डिस्ट्रॉफिनची सरासरी पातळी नेहमीच्या एक टक्क्याहूनही कमी होती. युरोपच्या औषध संस्थेने २०१८ साली या औषधाला नकार दिला. अमेरिकेने मान्य केलेले औषध युरोप नाकारतो हे वाचून गोंधळून जाऊ नये. तोच पुरावा समोर ठेवून दोन शहाणी माणसे वेगळा निर्णय घेऊ शकतात, एवढाच त्याचा अर्थ आहे.

काही मुलांत अक्षर गळालेले नसते. एका अक्षराच्या बदलाने वाक्याच्या मध्येच पूर्णविराम पडलेला असतो. अशा पूर्णविरामाकडे पेशीने दुर्लक्ष करून पुढे वाचावे, यासाठी अटालुरेन हे तोंडाने घ्यायचे औषध निघाले. युरोपात त्याला २०१४ साली सशर्त मान्यता मिळाली. मात्र पुढच्या चाचण्यांत अपेक्षित फायदा पक्का दिसला नाही, आणि २०२५ साली ती मान्यता पुढे वाढवली गेली नाही. अकरा वर्षे आशेने औषध घेणाऱ्या कुटुंबांना हा धक्काच होता.

नवा दोरखंड

लेख दुरुस्त करण्याऐवजी नवीन जनुकच का पाठवू नये? निरुपद्रवी विषाणूचे रिकामे कवच टपालाच्या पाकिटासारखे वापरून जनुक स्नायूपर्यंत पोचवता येते. अडचण अशी की डिस्ट्रॉफिनची नुसती कृतीसुद्धा अकरा हजार अक्षरांच्या घरात जाते, आणि त्या पाकिटात पाच हजार अक्षरेही मावत नाहीत. तेव्हा दोरखंडाची दोन्ही टोके ठेवून मधला बराचसा भाग कापलेले लघु डिस्ट्रॉफिन तयार केले गेले. बेकरचे काही रुग्ण मधला मोठा भाग नसतानाही बरे चालतात, या निरीक्षणावर ही युक्ती उभी आहे.

एलेव्हिडिस या नावाने असा उपचार अमेरिकेत जून २०२३ मध्ये चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी मान्य झाला. किंमत बत्तीस लाख डॉलर, म्हणजे सुमारे एक कोटी सतरा लाख दिरहम. मोठ्या चाचणीत मुख्य कसोटीवर तो उतरला नाही, तरी इतर काही मोजमापांच्या आधारे २०२४ साली मान्यतेची कक्षा वाढवली गेली. २०२५ साली चालू न शकणाऱ्या दोन मुलांचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. त्यानंतर हा उपचार पुन्हा चालू शकणाऱ्या मुलांपुरता मर्यादित करून त्यावर कडक इशारा जोडण्यात आला. युरोपच्या समितीने त्याच वर्षी प्रतिकूल मत दिले. शिवाय जनुकातल्या ८ आणि ९ या एक्सॉनमध्ये काही ठराविक बदल असलेल्या मुलांना तो देता येत नाही. एकदा घेतल्यावर त्या कवचाविरुद्ध शरीरात प्रतिपिंडे तयार होतात, त्यामुळे हा उपचार आज तरी पुन्हा घेता येत नाही. 'आधी हे घेऊन पाहू, मग सुधारित आले की तेही घेऊ' असे इथे चालत नाही. घरदार विकण्याआधी विचारात घ्यायची गोष्ट हीच आहे.

दुसरा एक मार्ग ऑक्सफर्डच्या के डेव्हिस यांनी दाखवला. गर्भावस्थेत स्नायूंत डिस्ट्रॉफिनऐवजी युट्रोफिन नावाचे त्याचे भावंड असते. ते जनुक या मुलांत शाबूत आहे, फक्त निजलेले आहे. ते जागे केले तर? कल्पना उत्तम होती, आणि कोणताही बदल असलेल्या मुलाला तिचा उपयोग झाला असता. पण त्यावर आधारलेल्या इझुट्रोमिड या औषधाची चाचणी २०१८ साली अपयशाने थांबली. लक्ष्य चुकीचे ठरलेले नाही, त्यावर लागणारा बाण अजून सापडायचा आहे.

खालच्या कड्या: दाह, दुरुस्ती, हृदय

आता जनुकाची चर्चा सोडून खाली येऊ. सर्वात जुने आणि आजही सर्वात भरवशाचे लक्ष्य म्हणजे दाह. प्रेडनिसोन या साध्या स्टिरॉइडने या मुलांची ताकद वाढते हे १९८९ च्या चाचणीने सिद्ध केले. डेफ्लाझाकोर्ट हे त्याचे भावंड अमेरिकेत २०१७ साली मान्य झाले. भारतात ते त्याआधीपासून मिळत होते. स्टिरॉइडमुळे मूल काही वर्षे अधिक चालते, पाठीचा कणा सरळ राहण्यास आणि श्वास टिकण्यास मदत होते. रोज घेण्याची पद्धत दहा दिवस घेऊन दहा दिवस थांबण्यापेक्षा सरस असल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. वजन वाढणे, उंची खुंटणे, हाडे ठिसूळ होणे, चिडचिड हे तोटे अर्थातच आहेत. ते कमी करण्याच्या उद्देशाने बनवलेले व्हॅमोरोलोन २०२३ साली मान्य झाले. 'स्टिरॉइड' शब्दाला घाबरून औषध नाकारणारे आईवडील भेटतात. त्यांची भीती समजण्यासारखी आहे, पण न देण्याचीही किंमत मूलच मोजते.

दुसरे लक्ष्य बिघडलेली दुरुस्ती. स्नायूऐवजी तंतू आणि चरबी बनवण्याकडे पेशींचा कल होतो, त्यामागे काही विकरांचा अतिरेक असतो. त्यांना आवरणारे गिव्हिनोस्टॅट हे औषध मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत सहा वर्षांवरील मुलांसाठी मान्य झाले. ते स्टिरॉइडच्या जोडीने द्यायचे असते आणि जनुकातला बदल कोणताही असला तरी चालते. चार पायऱ्या चढायला लागणाऱ्या वेळेतली घसरण ते मंदावते. आजार थांबवत नाही. रक्तातल्या प्लेटलेट आणि चरबी यांवर मात्र लक्ष ठेवावे लागते.

तिसरे लक्ष्य मायोस्टॅटिन. स्नायू फार वाढू नयेत म्हणून शरीराने ठेवलेला हा ब्रेक आहे. १९९७ साली तो काढलेल्या उंदरांचे स्नायू प्रचंड वाढले आणि जगभर आशा निर्माण झाली. बेल्जियमच्या एका जातीच्या धष्टपुष्ट बैलांत हाच ब्रेक निसर्गतः निकामी असतो. पण ड्यूशेनच्या मुलांवरच्या चाचण्या २०१८-१९ मध्ये थांबवाव्या लागल्या. या मुलांत मायोस्टॅटिनची पातळी मुळातच उतरलेली असते, हे मागाहून स्पष्ट होत गेले. ब्रेक आधीच सैल असेल तर तो काढून काय साधणार? उंदरात यशस्वी झालेले औषध माणसात का फसते, याचे हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आणि हृदय. रक्तदाबासाठी वापरली जाणारी एसीई गटातली स्वस्त गोळी दहाव्या वर्षाच्या सुमारास, हृदय अजून ठीक दिसत असतानाच सुरू करावी, असे २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. वर्षातून एकदा हृदयाची तपासणी, वेळेवर श्वासाची चाचणी आणि गरज पडल्यावर रात्री मास्कचे यंत्र यांची बातमी कधी होत नाही. पण वर्षे वाढतात ती यांनीच.

ड्यूशेनपलीकडे, आणि मुंबईतले काम

ड्यूशेन क्ष गुणसूत्रावर असल्याने मुलग्यांना होतो. कंबर आणि खांद्याचे स्नायू दुबळे करणारे लिंब-गर्डल प्रकार मात्र मुली-मुलगे दोघांनाही होतात. त्यांतल्या बहुतेकांत आई आणि वडील या दोघांकडून एकेक सदोष प्रत यावी लागते. इथे नात्यातल्या आणि लहान समाजातल्या लग्नांचा संबंध येतो. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात महाराष्ट्रातल्या मामाची मुलगी करण्याच्या चालीची सविस्तर चर्चा केली आहे. संयुक्त अरब अमिरातीतल्या स्थानिक समाजातही चुलत नात्यातली लग्ने रूढ आहेत. दुबईत २००३ साली स्थापन झालेले सेंटर फॉर अरब जीनोमिक स्टडीज अरब जगातल्या आनुवंशिक आजारांची नोंद ठेवते. जानेवारी २०२५ पासून अमिराती नागरिकांना विवाहापूर्वी जनुकीय तपासणी सक्तीची झाली आहे.

नात्यात लग्न न करताही हा प्रश्न येऊ शकतो. मुंबईचे मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. सतीश खाडिलकर, डॉ. रश्ना दस्तूर आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अगरवाल समाजातल्या रुग्णांमध्ये कॅल्पेन-३ या जनुकातले दोन ठराविक बदल पुन्हा पुन्हा आढळण्याचा उपयोग निदानासाठी कसा करता येतो ते दाखवले. एखाद्या समाजात कोण्या एका पूर्वजाकडून आलेला बदल पसरतो, यात कमीपणा काही नाही. उलट फायदा असा की त्या समाजातल्या रुग्णाचे निदान दोनच जागा तपासून स्वस्तात होऊ शकते.

विशी-तिशीत, नोकरीला लागल्यावर सुरू होणारा जीएनई मायोपॅथी हा प्रकारही भारतात आढळतो. पावले लोंबू लागतात, पण मांडीचा पुढचा स्नायू बराच काळ शाबूत राहतो. यात सायॅलिक आम्ल बनवणारे विकर अधू असते. कारखाना बंद असेल तर तयार माल बाहेरून पुरवावा, असे इथले लक्ष्य सोपे वाटते. तरी २०१७ साली एक मोठी चाचणी अपयशी ठरली. जपानने मात्र याच धर्तीच्या औषधाला २०२४ साली मान्यता दिली. एकाच लक्ष्याची कथा अशी वळणे घेते.

स्पायनल मस्क्युलर अट्रॉफीत स्नायू झिजतात, पण मूळ दोष मज्जारज्जूतल्या पेशींत असतो. तिथे नेम विलक्षण अचूक लागला. २०१६ ते २०२० या काळात तीन परिणामकारक औषधे आली. २०१६ साली सुरू झालेल्या दुबईच्या अल जलिला बाल रुग्णालयात यातला जनुकीय उपचार दिला जातो. महाराष्ट्रात याच उपचारासाठी २०२१ साली कोट्यवधींच्या लोकवर्गण्या झाल्या, त्या अनेकांना आठवत असतील. तोंडाने घेण्याच्या रिसडिप्लॅम या औषधावरून दिल्ली उच्च न्यायालयात वाद झाला. २०२५ साली न्यायालयाने स्थगिती नाकारल्यानंतर नॅटको या भारतीय कंपनीने ते मूळ किमतीच्या अगदी थोड्या अंशात बाजारात आणले. आज डोळे पांढरे करणारी किंमत कायम तशीच राहते असे नाही, हा त्यातला धडा.

आईला दोष देऊ नये

ड्यूशेनच्या घरात औषधाइतकाच मोठा प्रश्न नात्यांचा असतो. 'हा रोग आईकडून आला' हे वाक्य डॉक्टर शास्त्र म्हणून उच्चारतात. घरात मात्र त्याचा आरोप होतो. वस्तुस्थिती अशी की साधारण एक तृतीयांश मुलांत हा बदल नव्यानेच घडलेला असतो आणि आई वाहक नसतेच. उरलेल्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या नकळत आलेला असतो. कोणाच्या वागण्याने, खाण्याने वा कर्माने तो येत नाही, आणि ड्यूशेनचा नात्यातल्या लग्नाशीही संबंध नाही.

पण आईची तपासणी टाळू नये. ती वाहक असेल तर प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची आणि प्रत्येक मुलीने वाहक होण्याची शक्यता निम्मी. म्हणजे मावशीला आणि मामेबहिणी नव्हे तर मावसबहिणींना हे वेळेवर कळले पाहिजे. तो फोन करणे जड जाते. मावशीला दिवस गेल्यावर करण्यापेक्षा आधी केलेला बरा. आईच्या रक्तात बदल सापडला नाही तरी पुढच्या गर्भारपणात थोडा धोका उरतो, म्हणून तेव्हाही आनुवंशिकी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. वाहक स्त्रीने स्वतःच्या हृदयाचीही तपासणी करून घ्यावी, कारण काहींना पुढे त्याचा त्रास होतो.

आपण काय करावे?

पहिले, जनुकीय अहवाल पूर्ण आहे का ते पाहावे. गळालेले आणि दुप्पट झालेले एक्सॉन शोधणाऱ्या चाचणीत काही सापडले नाही म्हणून आजार नाही, असे ठरत नाही. पुढची संपूर्ण जनुकवाचनाची चाचणी राहिलेली असते. कोणते एक्सॉन गेले आहेत आणि तीनचे गणित टिकले की मोडले, हे डॉक्टरांकडून आपल्या भाषेत समजून घ्यावे.

दुसरे, स्टिरॉइड चालू असेल तर ते एकदम कधीही बंद करू नये. जिवावर बेतू शकते. भारतात जाताना पुरेसा साठा आणि डॉक्टरांचे पत्र हातातल्या सामानात ठेवावे, चेक-इनच्या बॅगेत नाही. स्टिरॉइड सुरू करण्याआधी लसी पूर्ण कराव्यात. कोणतीही शस्त्रक्रिया, अगदी दाताची असली तरी, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आजाराचे नाव आधी सांगावे. भुलीची काही नेहमीची औषधे या मुलांना धोक्याची असतात.

तिसरे, पैसे मोजण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. हे औषध साखळीतल्या कोणत्या कडीवर काम करते? माझ्या मुलाच्या बदलाला ते लागू आहे का? कोणत्या देशाच्या नियामकाने, कशाच्या आधारे ते मान्य केले? पैसे घेऊन स्टेम सेलचे इंजेक्शन देणाऱ्या केंद्रांकडे या प्रश्नांची उत्तरे नसतात. स्नायुक्षयासाठी असा उपचार मान्य चाचणीबाहेर करू नये, अशी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची भूमिका आहे. खऱ्या चाचणीत औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत, ही एक सोपी खूण. आयुष्यभराची ग्रॅच्युइटी अशा ठिकाणी ओतलेली कुटुंबे आहेत.

चौथे, नोकरी बदलताना नव्या विम्यातली आनुवंशिक आजारांची कलमे करार होण्यापूर्वी वाचावीत. भारतात परतण्याचा विचार असल्यास २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणाखाली मुंबईचे केईएम रुग्णालय हे एक मान्य केंद्र आहे, आणि धोरणातली मदतीची मर्यादा २०२२ साली ५० लाख रुपये करण्यात आली. राजस्थानात आयआयटी जोधपूर, एम्स जोधपूर आणि पालकांनी उभी केलेली बंगळूरची डार्ट ही संस्था मिळून एक्सॉन गाळण्याच्या देशी औषधावर काम करत आहेत. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यातही स्नायुक्षयाचा समावेश आहे.

शेवटी मुलाविषयी. या देशात २०१७ पासून अपंगांसाठी 'असहाब अल हिमम', म्हणजे जिद्दीची माणसे, हा शब्द अधिकृतपणे वापरतात. शब्द चांगला आहे, पण जिद्द दाखवण्याची सगळी जबाबदारी त्या लहान जिवावर टाकू नये. रॅम्प असलेली शाळा, खालच्या मजल्यावरचा वर्ग, वाढदिवसाचे आमंत्रण आणि आपल्या मंडळाच्या कार्यक्रमासाठी पायऱ्या नसलेला हॉल एवढे तरी आपण करू शकतो. त्याला कोणाच्या मान्यतेची वाट पाहावी लागत नाही. औषध येईल तेव्हा ते अशाच मुलांना अधिक उपयोगी पडेल, ज्यांचे स्नायू, हृदय आणि मन मधल्या काळात कोणीतरी जपून ठेवले असेल.